देव्हाऱ्यातली राणी

माझ्या बाबांना मेलेल्या राजांचं वेड होतं. जिवंत राजा त्यांना चालत नसे. विलायतेत कुणी राजा किंवा राणी मेली, की त्या प्रेतयात्रेची आठवण म्हणून ब्राँझची ओतीव पदकं काढत. एका बाजूला मेलेल्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शवपेटीची गाडी, घोडे, झुकलेले झेंडे. मलकापुरात बाबा ज्या कापसाच्या जिनात कारकून होते, तिथल्या गोऱ्या साहेबानं देश सोडताना असं एक पदक त्यांच्या हातावर ठेवलं, आणि तिथून हे खूळ लागलं. पुढे मुंबईच्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून पार्सलं येऊ लागली. आमच्या घरात नवं लुगडं यायला दिवाळी लागे, मेलेला राजा मात्र कधीही येई.

कपाटात हिरव्या मखमलीवर ती मांडलेली असत. पाहुणा आला की बाबा कपाट उघडत आणि कोणत्या राजामागे कोण चाललं, घोड्यांवर कसल्या झुली होत्या, कोण ढसाढसा रडलं, सगळं सांगत. मेल्या म्हशीला मणभर दूध! आई चहाचे कप घेऊन बोलणं संपायची वाट पाहत उभी राही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. मी सासरी, वडनेर भोलजीला होते. पोहोचले तोवर तिला नेलं होतं. मी बाबांना विचारलं, "तिले कोणतं लुगडं नेसवलं होतं?"

"आता थे कोण पाह्यते," बाबा म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की रडूही येईना.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षानंतर त्याचा टाक करतात. चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकलेली मूर्ती. ती देव्हाऱ्यात बसली की ते माणूस घरात परत आलं. सणाला त्याला पान वाढलं जातं. आईचा एकही फोटो नव्हता, तेव्हा तिचं जे काही उरणार ते एवढंच. मला करता आला असता तर दुसऱ्याच दिवशी केला असता. पण सासरच्या देव्हाऱ्यात माहेरचं माणूस बसत नाही. ते बाबांनीच करायचं होतं.

वर्ष सरलं. मी आठवण दिली तर म्हणाले, "सोनाराच्या साऱ्या बाया सारख्याच. तुही माय अशी दिसे काय? त्याले काय कला म्हणते काय?" भावाच्या लग्नात देव उजळायला सोनाराकडे नेले, तेव्हाही हात जोडून सांगितलं. जुने टाक लखलखीत होऊन परत आले. त्यात आई नव्हती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आखाजीला आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. नवी भावजय सकाळपासून पुरणावर आणि आमरसावर राबत होती. देव्हाऱ्यापुढे नैवेद्य मांडलेला. टाकांच्या रांगेत शेवटी बाबांचं एक पदक उभं होतं. हळद, कुंकू, वर मोगऱ्याचं फूल. डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेली म्हातारी राणी होती ती.

भावजयीनं सासूला कधी पाहिलंच नव्हतं. टाक कुठे म्हणून नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाबाच्या कपाटात असंन. तिनं कपाट उघडलं, पदर घेतलेली एकच बाई दिसली, ती आणून बसवली.

"आत्याबाई साजऱ्या होत्या न हो ताई," सासूचाच म्हणून तो चेहरा न्याहाळत ती म्हणाली.

खरं सांगते, मला हसू आलं नाही. माझ्या आईसमोर कुणीतरी पहिल्यांदा ताट ठेवलं होतं. मी म्हटलं, "हाव, लय साजरी होती."

तेवढ्यात बाबा आंघोळ करून आले. त्यांनी पाहिलं आणि झडप घालून पदक उचललं. फूल नैवेद्यात पडलं. धोतराच्या सोग्यानं ते कुंकू पुसू लागले, इतक्या हलक्या हातानं, की तसा हात आईच्या कपाळावर ठेवलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"हळदीनं डाग पडते! सारा रंग खराब केला. थे तुही सासू नोहे, राणी हाये राणी!"

भावजय घाबरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग मामाजी, आत्याबाई कुठी हायेत?"

बाबांनी राणीला मखमलीवर ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि पाटावर येऊन बसले.

"वाढा," म्हणाले.

भावजयीनं मोगऱ्याचं फूल उचललं आणि रांगेतल्या त्या मोकळ्या जागी ठेवलं. मग बाबांना वाढलं. आमरस त्यांनी दोनदा मागून घेतला.

माय आहे तोवर माहेर, असं म्हणतात. मी संध्याकाळच्या गाडीनंच वडनेरला परतले, आणि त्यानंतर आखाजीला कधी माहेरी गेले नाही.