पहिल्या भागात राहिलेली आई

मराठी-कन्नड सीमाभागातल्या जनवाड्याच्या शाळेत शारदाबाईंनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निबंध कितीही भिकार असो, खाली लाल शाईत आधी 'गुण' आणि मग 'उणिवा' लिहिल्याशिवाय वही परत जात नसे. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. माझ्या लग्नपत्रिकेतही त्यांनी दोन गुण आणि सात उणिवा काढल्या होत्या. उणिवांत नवरदेवाचं नाव नव्हतं, एवढंच समाधान.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा संकर्षण काविळीनं गेला. बत्तीस वर्षांचा. अंथरुणावर पडून तो मोबाईलवर एक कादंबरी वाचायचा, दर गुरुवारी एक भाग येणारी. तिचा नायक रणजय पहिल्याच भागात मरतो. साधा कारकून असतो. दुसऱ्या जगात राजपुत्र म्हणून जन्मतो. संकर्षणचं वाचन शहाऐंशीव्या भागावर थांबलं. मोबाईलनं ती खूण जपून ठेवली होती.

वर्षभर बाईंनी तो मोबाईल नुसता चार्ज केला. मग एके दिवशी वाचायला बसल्या, पहिल्या भागापासून. दुपारी शेजारच्या शिवम्मा ऐकायला यायच्या. त्यांना मराठी कळायचं, पण लढाई कन्नडमध्येच पाहिजे असायची. त्यामुळे तलवारी उपसल्या की बाई भाषा बदलायच्या.

शहाऐंशी भाग संपले त्या दुपारी मी तिथं होतो.

"गुण हाईत, अण्णा," बाई मला म्हणाल्या. "लिहिणारा आळशी न्हाई, गुरुवार चुकवत न्हाई. ड्रॅगन तर असा रंगवलाय, की त्याला रोज कडबा किती लागतो म्हणून शिवम्मा विचारायल्यात."

"आणि उणिवा?"

"पाच राजकन्या, पाचही याच्यावरच भाळल्या. स्वयंपाक कोण करतंय, पत्ता न्हाई. आणि मरून उठला तो तिथली भाषा बोलतच उठला की! आपल्याला औरादच्या बसमध्ये जागा मागायला एक भाषा लागते, भांडायला दुसरी. हा व्याकरणासकट जन्मला?"

मी हसलो. तेवढ्यात शिवम्मा म्हणाल्या, "अक्का, ह्याची अव्वा कुठं हाय?"

"कुणाची?"

"ह्या राजाची. पहिली अव्वा. कारकून होता तवा डबा दिली होती की."

पहिल्या भागात दीड ओळ होती. आईनं डबा दिला आणि ती दारात उभी राहिली. त्यानंतर रणजयनं तिची एकदाही आठवण काढली नव्हती. बाईंनी सगळे भाग पुन्हा चाळले. चेहऱ्यावरचं हसू गेलं. आता त्यांना त्या कादंबरीकडून एकच गोष्ट हवी होती: गेलेल्याला मागचं घर आठवतं का? पुनर्जन्मावर त्यांचा विश्वास होता की नाही, मी विचारलं नाही. गणिताच्या माणसानं काही प्रश्न सोडून द्यावेत.

पुढचा भाग त्यांनी उघडला नाही. वाचकांच्या अभिप्रायात गुण, उणिवा नीट लिहून काढल्या. शेवटची उणीव अशी: 'रणजयला पहिली आई आठवत नाही. ती दारातच उभी आहे. तो कामून विसरला?'

तीन गुरुवार गेले.

"बाई, लेखक असे उत्तर देत नसतात," मी म्हणालो.

"वही तपासून दिली तर ढ पोरगंबी एकदा उघडून बघतंय, अण्णा."

चौथ्या गुरुवारी उत्तर आलं. 'मावशी, तुमचं बरोबर आहे. आई आठवणारा रणजय मी लिहून पाहिला होता. पण तो तिथं रमेचना. जेवेना, लढेना, नुसता दाराकडं बघत बसायचा. मलाच बघवेना, म्हणून ते पुसून टाकलं. माफ करा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग शिवम्मांना कन्नडमध्ये सांगितलं. शिवम्मांनी पदर तोंडाला लावला.

बऱ्याच वेळानं बाईंनी आपला अभिप्राय पुन्हा उघडला. उणिवांमधली शेवटची ओळ खोडली आणि तीच वर गुणांमध्ये लिहिली: 'रणजयला पहिली आई आठवत नाही.'

"रमलाय तो तिथं," त्या म्हणाल्या. "बरं हाय."

मग त्यांनी सत्त्याऐंशीवा भाग उघडला. त्यात लढाई नव्हती. पण मराठीत पहिल्याच वाक्याला त्यांचा आवाज थांबला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि सगळा भाग कन्नडमध्ये सांगितला.