सणसरचा चर

मी बारामतीत अर्थशास्त्र शिकवतो. जमीन निसर्गाने दिलेली, भांडवल माणसाने घडवलेलं, हे पहिल्याच तासाला सांगतो आणि मुलं मुकाट उतरवून घेतात. मीही तसंच उतरवून घेतलं होतं. त्याची शिक्षा मात्र आबांना, माझ्या वडिलांना झाली.

सणसरला आमच्या उसातून एक चर जायचा, कमरेइतका खोल. वरच्या बाजूला आमचे शेजारी तात्या यांचं शेत. कालव्याच्या पाण्याने दोन्ही रानांत साचलेली ओल या चरातून ओढ्याला जायची. दर उन्हाळ्यात आबा आणि तात्या मिळून तो उपसायचे. मला दिसायचे ते चिखलात राबणारे दोन म्हातारे, आणि चार-पाच सऱ्यांची वाया गेलेली जागा.

"ही जागा नुसती पडून आहे, आबा."

"पडून न्हाय. काम करतीया ती."

मी हसलो. शिकलेल्या माणसाचं ते हसू आठवलं की आजही स्वतःची चीड येते. पुढे आबा लग्नाला निमगाव केतकीला गेले, तेव्हा मी जेसीबी बोलावून चर बुजवून टाकला. तात्यांनी बांधावरून पाहिलं. आबांना विचारूनच करत असेल, असं समजून ते काही बोलले नाहीत. आबा परतले, बघून घरात गेले, त्या दिवशी जेवले नाहीत.

पहिल्या वर्षी ऊस वाढला. मी वर्गात फुशारकीने ते उदाहरणही दिलं. दुसऱ्या वर्षी तात्यांचा ऊस पिवळा पडला, मग आमचा, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात साचलेल्या ओलीने दोन्ही रानांना मीठ फुटलं, माती पांढरी पडली. चर एका दिवसात पुन्हा खोदून घेतला. मीठ तसं निघत नाही, त्याला वर्षं लागतात.

आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना यंत्र दिसतं, इमारत दिसते. रिकामी ठेवलेली जागासुद्धा भांडवल असते, दोघांनी घाम गाळून जपलेलं, हे मनात आणायला जी कल्पनाशक्ती लागते ती माझ्याकडे नव्हती. आहे असं आजही छातीठोक सांगवत नाही.

त्याच उन्हाळ्यात तात्या आमच्या ओसरीवर आले. मी आतल्या खोलीत होतो.

"पोरानं चर बुजवला तवा तुमी घरी नव्हता. तुमाला इचारलं व्हतं का त्यानं?"

आबांनी चहाचा कप तात्यांपुढे सरकवला. मग म्हणाले, "व्हय. म्याच सांगितलं व्हतं. हाव सुटली मला."

"तुमी?" तात्या म्हणाले. "दुसरं कुनी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं." आणि चहा तसाच ठेवून उठले.

तेव्हापासून ते आबांशी बोलत नाहीत. खरं सांगायला मला उंबऱ्यापर्यंत पाच-सहा पावलं टाकायची होती. त्याला आता दोन वर्षं झाली.