तांदळाच्या डब्यातलं कर्ज

"कर्जाचं कारण : बँकेच्या मॅडमनी सांगितलं म्हणून."

बँकेकडून तपासणीला आलेल्या सावंत साहेबांनी ही ओळ मोठ्याने वाचली. मग खालची वाचली. तीही तीच. रजिस्टरातल्या बाराच्या बारा ओळी तशाच होत्या, आणि ती मॅडम, म्हणजे मी, त्यांच्या शेजारीच सतरंजीवर बसले होते.

पालीजवळच्या एका वाडीतल्या महिला बचत गटाचं ग्रेडिंग चालू होतं. ग्रेडिंग म्हणजे गटाची परीक्षा. पास झाला तर बँक कर्ज देते. बारा बायकांनी दरमहा शंभर रुपये टाकून अडीच वर्षांत छत्तीस हजार जमवले होते. आता कर्ज हवं होतं ते गटातल्या सुनंदासाठी. तिचा नवरा पाठीच्या दुखण्यामुळे मुंबईची नोकरी सोडून घरी बसला होता. पालीत एक जण मसाला कुटायची डंकी विकायला काढून बसला होता. ती वाडीत आणली तर सुनंदाचं घर चालणार होतं. पण दुसरं गिऱ्हाईकही होतं, आणि डंकीवाला शनिवारपर्यंतच थांबणार होता.

या परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो. गटाने जमलेले पैसे आपापसांत कर्जाऊ दिले का? याला अंतर्गत कर्ज म्हणतात. आमच्या गटाने पहिल्या सव्वादोन वर्षांत एक रुपयाही दिला नव्हता. कर्ज काढणं म्हणजे अब्रू जाणं, अशी त्यांची पक्की समजूत. तीन महिन्यांपूर्वी मी वैतागून म्हणाले होते, "प्रत्येकीने कर्ज घ्या, नाहीतर माझा वेळ घालवू नका." त्यांनी ऐकलं. प्रत्येकीने तीन-तीन हजार घेतले. मी खूश.

"या पैशांचं काय केलंत?" साहेबांनी अध्यक्ष वैजयंतीकाकूंना विचारलं.

"ठेवलंय ना."

"कुठे?"

काकू आत गेल्या, तांदळाचा डबा घेऊन आल्या आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून एक पुडी वर काढली. नोटांवर तांदळाचा कोंडा.

"मोजून घ्या, सायेब. हात नाय लावला."

"आणि बाकीच्यांनी?"

"कोनीच नाय लावला," अकरा जणी एका सुरात म्हणाल्या. अभिमानाने.

"मग व्याज कशातून भरता?"

"ता घरातनं. अंडी विकून."

म्हणजे स्वतःचे पैसे स्वतःच्याच डब्यात ठेवायचे आणि त्यावर स्वतःलाच व्याज द्यायचं. कर्ज खर्च करायचं असतं हे मी सांगितलंच नव्हतं. ते सांगावं लागतं हेच मला माहीत नव्हतं.

"साहेब, वसुली शंभर टक्के आहे," मी क्षीण आवाजात म्हटलं.

"असणारच. पैसे घराबाहेर गेलेच कुठे? गट नापास. सहा महिन्यांनी बघू."

सुनंदा उठली. चहाचे कप गोळा करून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची डंकी माझ्या तोंडाळपणामुळे जात होती.

काकू मात्र विचारात पडल्या होत्या.

"सायेब, हे सगले पैशे एकीलाच दिले तर चालतील काय?"

"तिला खरी गरज असेल तर चालतील की."

"आनि ज्यांना गरज नाय त्यांनी घेतलाच नाय तर?"

"ते तर उत्तमच."

बारा बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी पर्समध्ये पेन शोधू लागले.

त्याच दुपारी बारा डबे रिकामे झाले. डंकीवाला चाळीस हजारांवर अडून होता. काकू त्याच्या ओटीवर दोन तास बसून राहिल्या. शेवटी तो छत्तीसवर आला. शुक्रवारी डंकी वाडीत पोचली.

सहा महिन्यांनी गट पहिल्या श्रेणीत पास झाला. मी कर्जाचे फॉर्म घेऊन धावतच गेले.

"आता कशाला वो, मॅडम?" काकू म्हणाल्या. "सुनंदाचे हप्ते येतायत, त्यातनं दुसरीला देतोय. आमचा आमाला पुरतोय."

एका गटाने माझं त्या वर्षीचं कर्जवाटपाचं टार्गेट हुकलं आणि मला मेमो मिळाला. बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे बँकेचं धोरणच आहे. फक्त आमच्याकडून कर्ज घेऊन उभं राहावं, एवढीच अट असते.