चषक किती लिटरचा?

माती खायला फार शिक्षण लागत नाही. मी सातवी पास आहे आणि तेवढ्यावर मी ती खाल्ली, तीही माइकवरून, दोन तालुक्यांच्या देखत! चहा येईस्तोवर ऐका.

जव्हारच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने हंड्याला टिचकी मारली की आवाजावरून मी सांगतो, हा घेणार की नुसता वाजवून जाणार. असा मी पक्का माणूस. आणि फसलो कशात? फुटबॉलात!

झालं असं, की होळीच्या आधी आमच्याकडे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांची फुटबॉल स्पर्धा भरते. भिवंडी-ठाण्याकडे कामाला गेलेली माणसं सणाला घरी आलेली असतात, भाताची शेतं मोकळी पडलेली असतात, मैदान आयतंच. स्पर्धा भरवणारे गुरुजी दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, यंदा प्रमुख पाहुणे तुम्ही. आणि चषकही तुमच्याकडून."

"देऊ की! किती लिटरचा?"

हसताय काय? भांडीवाल्याने दुसरं काय विचारावं?

गुरुजीही हसले. "अहो, त्यात भरायचं काही नसतं. नुसता उचलायचा असतो."

"भरायचं नाही, तर चषक म्हणायचं कशाला?"

"ते विश्वचषकवाल्यांना विचारा!"

आणि मी विचारलं की हो! रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावायचा आणि मोबाइलवर विश्वचषकाचा इतिहास वाचायचा. काय एकेक भानगडी! पहिली स्पर्धा उरुग्वेत. युरोपातले खेळाडू बोटीने निघाले, दोन आठवडे समुद्रात, सराव कुठे करणार? बोटीच्या डेकवर! अंतिम सामन्यात दोन्ही संघ अडून बसले, खेळू तर आमच्याच चेंडूने. मग अर्धा सामना एकाच्या चेंडूने आणि अर्धा दुसऱ्याच्या. महायुद्धात तो चषक इटलीत एका गृहस्थाने पलंगाखाली लपवला. कशात? बुटाच्या खोक्यात! पुढे इंग्लंडात तो चोरीला गेला. तिथले पोलीस शोधून दमले आणि सापडला कुणाला? फिरायला निघालेल्या एका कुत्र्याला, झुडपाखाली!

मला तर नादच लागला. गिऱ्हाईक कढई मागायचं आणि मी त्याला उरुग्वे सांगायचो.

इतिहास पाठ झाला, पण नाशिकहून मागवलेला चषक काही आला नाही. एसटीचं पार्सल कुठे उतरलं देव जाणे. स्पर्धा उद्यावर. पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं? तेवढ्यात न्हाणीघरात माझी नजर आंघोळीच्या पाण्याच्या घंगाळावर गेली. आमच्या सुमनच्या माहेरचं, तांब्याचं, दोन्ही बाजूंना कड्या. चिंचेने घासून लाल कापडावर ठेवलं तर लांबून कुणाची काय बिशाद आहे त्याला चषक न म्हणण्याची!

"अहो, ते माझ्या आईचं आहे," सुमन म्हणाली. "पाडव्याला आई येतेय. तिला ते जागेवर दिसलं पाहिजे."

"अगं, टेबलावर मांडायला नेतोय. संध्याकाळी परत! जिंकणाऱ्यांना नाशिकचा देऊ, दोन दिवसांनी."

दुसऱ्या दिवशी मैदानावर ही गर्दी. मी माइक हातात घेतला आणि सुटलो. बोट, दोन चेंडू, बुटाचं खोकं... कुत्र्याला तर अशा टाळ्या पडल्या, की मला वाटलं, उगाच भांडी विकत बसलो, पुढारी व्हायचं राहूनच गेलं.

"आणि मंडळी," मी म्हणालो, "ब्राझीलने तो चषक तिसऱ्यांदा जिंकला, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना तो कायमचा देऊन टाकला. कायमचा!"

डाव्या बाजूची माणसं उभी राहून शिट्ट्या मारू लागली. केवढी ही इतिहासाची आवड! मी आणखी फुगलो. घंगाळावर थाप मारली. काय घुमलं ते!

"मग आपल्याकडे हा नियम का नको? जो संघ तिसऱ्यांदा जिंकेल, त्याचा हा चषक. हाच! कायमचा!"

गुरुजी खोकले. मला वाटलं, धूळ गेली घशात. खाली बसल्यावर ते कानाशी आले. "शेठ, ती डावीकडची माणसं सूर्यमाळची. मागची दोन वर्षं तीच जिंकलीत."

माझ्या पायांखालचं मैदान सरकलं.

अंतिम सामना लागला सूर्यमाळ विरुद्ध दाभोसा. मग मी काय केलं असेल? खुर्ची सोडली आणि रेषेबाहेरून दाभोशासाठी ओरडत धावायला लागलो. या वयात! या पोटानिशी! "दाभोसा, मार! अरे, मार की!"

एक म्हातारा मला म्हणाला, "शेठ, दाभोशाला सासरवाडी काय तुजी?"

आता त्याला काय सांगणार, की सासरवाडी तर तिकडे टेबलावर ठेवली आहे!

शेवटी पेनल्टीवर आलं. दाभोशाच्या गड्याने शेवटचा चेंडू असा आभाळात मारला, की तो अजून खाली आला नसावा. सूर्यमाळचा कप्तान रामदास पुढे आला आणि मी माझ्या हाताने माझ्या सासूचं घंगाळ त्याच्या डोक्यावर चढवलं. फोटोत मी रडताना दिसतो. लोकांना वाटलं, शेठ भारावले.

घरी काय झालं ते विचारू नका. सुमन एवढंच म्हणाली, "घंगाळ आणा, मग जेवा."

दोन दिवसांनी नाशिकचं पार्सल आलं. चकचकीत चषक, वर कोरलेलं 'विजेता'. तो घेऊन जीपने सूर्यमाळ गाठली. वाटेत इतिहासाचं उरलेलं पानही वाचून काढलं. पाड्यावर पोचलो तर आंब्याखाली घंगाळ. त्यावर झाकण, शेजारी पेला. विहीर आटत आलेली. बायका लांबून हंडे आणून त्यात ओतत होत्या आणि येणारा-जाणारा पाणी पीत होता. मलाही रामदासने पेला भरून दिला. गार पाणी! घशाखाली उतरलं आणि माझा धीरही उतरला.

तरी व्यापारी मी. म्हणालो, "रामदास, इतिहास पुढेही आहे बरं का. हल्ली अस्सल चषक जिंकणाऱ्याला ठेवायला देत नाहीत. मिरवला की परत घेतात आणि नक्कल देतात. ही घे नक्कल."

रामदासने नाशिकचा चषक हातात घेतला, फिरवला आणि टिचकी मारली. त्याच क्षणी मी ओळखलं, हा घेणार नाही.

"शेठ, ते पुढचं तू बोलला नाय," तो म्हणाला. "तू बोललास तेवढ्यावरच आमी जिंकलो."

"अरे, पण ब्राझीलला कायमचा दिलेला चषकसुद्धा पुढे चोरीला गेला. पुन्हा मिळाला नाही!"

"म्हून तर हितं ठेवलाय. सगल्यांच्या डोल्यासमोर."

त्याच्या बायकोने, जनीने, तेवढ्यात हंडा आणून घंगाळात रिता केला. नाशिकच्या चषकाकडे बघत तिने मला विचारलं, "शेठ, ह्यात पानी किती मावतं?"

माझाच प्रश्न! ज्यात भरत नाही त्याला चषक कशाला म्हणायचं, हे मीच गुरुजींना विचारलं होतं. मी आणखी एक पेला पाणी प्यालो आणि जीपमध्ये बसलो.

सुमनला आंबा, हंडे, जनी, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राहू दे तिथेच. आईला मी सांगेन." मी सुटलो म्हणून हसलो, तर तिने नाशिकचा चषक उचलला आणि न्हाणीघरात नेऊन ठेवला. घंगाळाच्या जागी प्लॅस्टिकची बादली होती आणि बादलीतला तांब्या तिने काढून घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी मी 'विजेता' लिहिलेला चषक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो. पाऊण लिटरचा आहे. आणि बुडाशी गळतो.