उंदरांना सोनं

आईच्या छातीत गाठ होती आणि ती तिनं कितीतरी दिवस पदराआड लपवली. दुखणं काखेपर्यंत गेलं तेव्हा कुठं आम्हाला कळलं. मला आजही तिचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

आमचा मळा नाशिकच्या शिवेवर, झेंडूचा आणि पालेभाजीचा. मी मात्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, उंदरांच्या संगतीत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दसऱ्याला घरी आले होते. ओसरीवर झेंडूचा ढीग, आम्ही दोघी माळा ओवत होतो. आईनं विचारलं, "तू करती तरी काय दिवसभर तिथं?"

मी सांगितलं. सोन्याचे कण करते, इतके बारीक की पाण्यात नुसता रंग दिसतो. ते उंदराला टोचायचे. ते गाठीत जाऊन साठतात. वरून लेसरचा प्रकाश टाकला की कण तापतात आणि बारीकसा आवाज होतो. आपल्याला नाही, यंत्राला ऐकू येतो. त्यावरून गाठीचं चित्र काढायचं.

"हितं आमच्या अंगावर गुंजभर नाय, न् उंदरांना सोनं," आई हसली. मग हातातली सुई तशीच धरून म्हणाली, "म्हंजे डॉक्टरला चाचपावं लागत नाय?"

"नाही."

"माणसांसाठी कधी येणार?"

"येईल की चार-पाच वर्षांत," मी म्हटलं. प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणायचे.

आमच्याकडच्या बायका दवाखान्यात गेल्या तरी पदर सोडत नाहीत. साधा ताप असला तरी लक्षणं नवरा सांगतो, बाई खाली मान घालून बसते. आईही तसलीच.

शेवटी दुखणं कळल्यावर मीच तिला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, आधी का नाही आलात?"

"पोरगी माझी मशीन करती ना," आई म्हणाली. "त्यात अंगाला हात लावावा लागत नाय. ते यायची वाट बघत व्हते."

हे सांगताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कौतुकानं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

गुढीपाडव्याच्या आधी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी पुण्याला परतले. आमचे कण अजून उंदरांच्या पुढे सरकले नव्हते.