खिळ्यावरची बाही

गल्लीत तिला सगळे एकबाही म्हणत. हे नाव तिला तिच्या मास्तरांनी ठेवलं होतं. त्यांच्याच हाताखाली ती कापडाला कात्री लावायला शिकली, आणि बारसंही त्यांनीच केलं.

त्याचं असं झालं. मखमलीला लव असते. कोट शिवताना प्रत्येक तुकड्याची लव एकाच दिशेला हवी. एक तुकडा जरी उलटा बसला तरी उजेडात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. मास्तरांच्या दुकानात नेम होता, मखमल दोघांनी मिळून कापली तर ज्याने त्याने आपल्या तुकड्याला आतून आपल्या रंगाचा एक टाका मारायचा. मास्तरांचा लाल, हिचा पिवळा. पुढे काही बिनसलं तर कुणाचं ते कळावं, एवढ्यासाठी. एका घाईच्या दिवशी दोघांनी एक काळा कोट कापला. अंग मास्तरांनी, बाह्या एकेकाने एकेक. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं, तर एक बाही काळी आणि एक करडी. आत अस्तर बसलेलं होतं. ते उसवून टाका बघावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मास्तर चुकतात कुठे? नवखी ती होती. तिनेही मुकाट्याने मान खाली घातली.

मास्तरांनी ती बाही काढली आणि दारावरच्या खिळ्याला लटकवली. येणारा-जाणारा विचारी, ही काय भानगड? मास्तर हसून सांगत, "आमच्या एकबाहीची करामत." असं दोन वर्षं चाललं. रोज सकाळी ती त्या बाहीखालून आत जाई आणि संध्याकाळी त्याच बाहीखालून घरी येई. घरी तिची थोरली ताई म्हणायची, सोड गं, त्यांना दुसरा उद्योग काय. पण तिचं सोडायचं नाव नाही. शेवटी तिने नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान काढलं, ते नेमकं मास्तरांच्या समोर. पलीकडच्या रस्त्यावर याहून ऐसपैस जागा मिळत होती, ती तिला नको होती. दुकानात टेबल यायच्या आधी तिने भिंतीत खिळा ठोकला. मास्तरांची एक चूक हाती लागू दे, ती इथे लटकेल, अगदी त्यांच्या नाकासमोर, असं तिने ताईला बजावलं.

खिळा सोळा वर्षं रिकामा राहिला. तोवर तिने स्वतः मात्र चिकार चुका केल्या. बिघडलेला प्रत्येक तुकडा ती टेबलाच्या खणात ठेवी. आठवड्यातून एकदा सगळे बाहेर काढी आणि स्वतःला शिव्या घालत बघे, हा खांदा का चढला, ही शिवण का ओढली. डोळे मिटून मखमलीवरून तळहात फिरवायचा तर तिने असा सराव केला की ताई म्हणाली, नवऱ्याच्या पाठीवरून कधी इतक्या मायेने हात फिरवला नसशील. हे सगळं शिकण्याच्या हौसेने चाललं होतं असं मात्र कुणी समजू नये. मास्तरांची चूक दिसताक्षणी ओळखता यावी म्हणून ती आपल्या चुका पाठ करत होती. निव्वळ खुन्नस. त्या खुन्नसीपायी हात मात्र असा तयार झाला की मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिच्याकडे आली. तरी तिची नजर त्या रिकाम्या खिळ्यावरच.

मग एक दिवस एक गायक आला. हातात मास्तरांनी शिवलेला मखमली कोट. दिव्यांखाली पाठ भलत्याच रंगाची दिसते, लोक हसतात, म्हणाला. तिने डोळे मिटून कोटाच्या पाठीवरून तळहात फिरवला. लव उलटी. तिला त्या गायकाच्या पाया पडावंसं वाटलं. दोन दिवसांत तिने नवी पाठ बसवून दिली, आणि जुनी खिळ्याला लटकवून दार सताड उघडं ठेवलं.

दुपारी मास्तर आले. या दुकानात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. चांगलेच थकलेले दिसत होते. तिला दया आली नाही.

"काढ ती," ते म्हणाले. "लोक विचारतात."

"माझी बाही आणा, मग काढते."

ते गेले आणि बाही घेऊन परत आले. अठरा वर्षांची धूळ तिने टेबलावर झटकली आणि ब्लेड उचललं. आपला पिवळा टाका एकदा डोळे भरून बघावा आणि मग ही पीडा जाळून टाकावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिने अस्तर उसवलं. आतला टाका लाल होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"काढतानाच दिसला," मास्तर खाली बघत म्हणाले. "गिऱ्हाईक समोर उभं होतं. मग सांगायचं राहून गेलं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गल्ली गोळा करावी, हा लाल टाका सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नाचवावा, असं वाटलं. ती बाही घेऊन दारापर्यंत गेलीसुद्धा. पण खिळ्यावर ती पाठ दिसली आणि पाय थांबले. अठरा वर्षांपूर्वी केलेली चूक त्याच माणसाने पुन्हा केली होती, जशीच्या तशी. इकडे तिचा खण चुकांनी गच्च भरला होता, आणि त्यातली एकही तिने पुन्हा केली नव्हती.

तिने पाठ काढून मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"तीही दे. माझीच आहे."

"ही नाही मिळायची," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या गळ्यात मारलीत, तेव्हाच ती माझी झाली. तुमच्यापाशी राहिली असती तर तुम्ही काहीतरी शिकला असता. मी शिकले. आता ही पाठ न्या, आणि बसा शिकत."

पाठ काखेत मारून मास्तरांनी रस्ता ओलांडला.

तिने अस्तर पुन्हा शिवलं, लाल टाका आत ठेवून, आणि बाही आपल्या खिळ्याला लटकवली. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही काय भानगड?

"माझी पहिली चूक," एकबाही म्हणाली, समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.