दादाचं थंड हवेचं घर

फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या एका दुकानात दादाच्या घरासाठी नळ निवडत होतो. नागपुरातल्या घरासाठी नव्हे, चिखलदऱ्याच्या. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ विजय. छातीत दुखलं म्हणून त्याला धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. आता धोका नाही असं डॉक्टर म्हणाले आणि त्यानं पलंगावरूनच मला कामाला लावलं. "पितळी घेऊ नको बे, धुक्यानं काळे पडतात," हे सकाळीच बजावून झालं होतं. आणि आता शोभावहिनींचा फोन. "भाऊजी, या." बस, एवढंच. दुकानदार दोन्ही हातांत नळ धरून उभा होता. मी त्याला म्हणालो, "विचारून सांगतो," आणि बाहेर पडलो... कोणाला विचारणार होतो, देव जाणे.

आमचं बालपण एकाच घरात गेलं. त्या घरातली मोठी खोली आजोबांच्या हातमागाची आणि उरलेल्या जागेत आम्ही सगळे. झोपेत पाय ताणला की मागाला आपटायचा. त्यामुळे असेल, पण दादाला मोकळ्या जागेची भूक होती. पुढं तो मिहानमधल्या एका कंपनीत विमानदुरुस्तीला लागला, लग्न झालं, रेवा झाली, आणि एकदा ऑफिसच्या सहलीला चिखलदऱ्याला जाऊन आला तो प्लॉटचा बयाणा देऊनच. वहिनी म्हणाल्या, "लोकं तिथून मध आणतात. तुम्ही जमीन आणली!"

तिथून पुढं दादा जिथं असायचा तिथं नसायचाच. हँगरमध्ये फोन नेता येत नसे, म्हणून जेवणाच्या सुटीत डबा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. तिकडे मिस्त्रीला रेंजसाठी टेकाडावर चढावं लागे. व्हिडिओ कॉलवर घर कमी आणि मिस्त्रीचा अंगठा जास्त दिसायचा. रेवाच्या साखरपुड्यात भटजी "मुलीचे वडील कुठं आहेत?" विचारत होते आणि मुलीचे वडील जिन्याखाली ओरडत होते, "कॉलम वाकडा दिसून राहिला गा मले!"

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं गाडीनं निघायचो. त्याला झोप लागू नये म्हणून गप्पा मारायला मी. कोंढाळी यायच्या आत माझी मान खिडकीला टेकलेली असायची. "तुले झोपायले आणलं काय बे?" असं ओरडून तोच मला परतवाड्यापर्यंत गोष्टी सांगायचा. पोचलो की साइटभर फिरायचा, विटा ठोकून बघायचा, मिस्त्रीशी भांडायचा. आणि चहा यायच्या आत घड्याळ बघू लागायचा. आईची गोळी, रेवाचं सामान, सकाळची शिफ्ट... "चाल बे, निघू." घाट उतरून खाली आलो, की स्लॅबवर पाणी मारायला सांगितलं की नाही, याचा घोर सुरू.

वहिनी भूमिपूजनाला गेल्या होत्या, तेवढ्याच. मग काकू, म्हणजे दादाची आई, अंथरुणाला खिळल्या आणि वहिनींचा पाय घरातून निघेना. काकू गेल्या त्यानंतरही दादानं "पूर्ण झालं की दाखवतो" म्हणून वहिनींना नेलं नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, "तुमचे भाऊ म्हणतात घर बांधून राहिलो. मले तं वाटते, घरातून निघायचा रस्ता बांधून राहिले." मी सवयीनं हसलो. त्या हसल्या नाहीत. लाटणं थांबवून म्हणाल्या, "त्या घरात मी कुठं आहे, सांगा बरं?" मी आणखी एक पोळी मागितली.

दादाची तेरवी झाली आणि वहिनींनी ठरवून टाकलं. "विका ते. पुसून राहिली नाही मी, सांगून राहिली."

अमरावतीचा एक गृहस्थ घर बघायला येणार होता, म्हणून परवा आम्ही तिघं गेलो. वहिनी, रेवा आणि चक्क जागा राहून गाडी चालवणारा मी. मी शेवटचं पाहिलं तेव्हा नुसते खांब आणि स्लॅब होता. आता भिंती होत्या, प्लॅस्टर होतं. गृहस्थ खोल्या बघत झोपायच्या खोलीत आला आणि थबकला. खिडकीच्या खाली भिंतीत एक चांगलं मोठं चौकोनी भोक, आणि बाहेरच्या बाजूला लोखंडी स्टँड.

"हे कशाचं?" त्यानं विचारलं.

नागपूरच्या माणसाला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार? "कूलरचं!" मी म्हणालो आणि मला हसूच आवरेना. जिथं लोक उन्हाळ्यातही रात्री पांघरूण ओढतात, तिथं आमच्या दादानं कूलरची सोय केली होती! गृहस्थही हसला. "बुजवून द्या, मग बोलू," म्हणाला आणि निघून गेला.

"पप्पा पण ना!" रेवा म्हणाली. "त्यांना तर कूलर सोसायचाही नाही. कानाला रुमाल बांधून झोपायचे."

मी बाकीच्या खोल्या बघून आलो. भोक तेवढं एकच होतं.

वहिनी भोकाच्या कडेवरून हात फिरवत होत्या. कड गुळगुळीत केलेली होती, मागाहून फोडल्यासारखी नव्हती. "मले लागते तो," त्या हळूच म्हणाल्या. "थंडीतही पाणी न भरता नुसता पंखा लावते मी. तो आवाज नसला तं झोप नाही येत मले. किती भांडले त्याच्यावरून..." मग रेवाकडे वळून, "म्हणजे मले इथं झोपायले आणणार होते वं ते."

रेवा आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

भोकातून बोचरी हवा आत येत होती. वहिनींनी शाल कानावरून घेतली आणि त्या भोकासमोरच फरशीवर पाय पसरून बसल्या, मे महिन्यात आपल्याकडे बाया कूलरपुढे बसतात तशा.

"भाऊजी, त्या माणसाले नाही म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि आपला कूलर गाडीच्या टपावर बांधून इथवर आणता येईन काय?"